गालावरचा हात

लिहा. पण आधीच सांगून ठेवतो ताई, मला हे सांगायची लई शरम वाटते, मधीच गप्प बसलो तर बसू द्या, मग काय झालं, मग काय झालं असं करू नका. दवाखान्यातल्या मॅडम म्हणल्या की एक ताई घरी येतील, तुमचं बोलणं उतरून घेतील, दुसऱ्या कुण्या म्हाताऱ्याला वाचून दाखवता येईल, त्याला तेवढाच आधार. म्हणून बसलो. नायतर मी हमाल माणूस, शाळा दुसरीपतोर, ती बी मास्तर गावात असला तर. माझ्या बोलण्याला काय सोनं लागलंय.

माझा जन्म दौलताबादचा, किल्ल्याखाली आमचं घर, मागं थोडी जमीन, तिच्यात सीताफळाची झाडं अन् बाकी समदा खडक. पोलिस ॲक्शन झालं तवा मी आईच्या मांडीवर व्हतो. आता मला काय त्यातलं आठवायचं, पण आई सांगायची, त्या दिसांत गावात कुणी मोठ्यानं बोलायचं नाय, दारं लावून बसायचे, अन् तू मेल्या कवा बी भोकाड पसरायचा, मग मी तुझ्या तोंडावर हात दाबून धरायचे, तू हुंदका गिळायचा अन् टकामका बघायचा, तवापासून तुझं रडणंच मेलं बघ. चारचौघांत लई कौतुकानं सांगायची ती हे, माझा गडी रडत नाय म्हणून. अन् मी बी ते कौतुक धरून बसलो, थेट म्हातारपणापतोर.

भाऊ लई, जमीन थोडी, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच मी लासूर स्टेशनला आलो, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला. कांदा, कापूस, बाजरी, काय म्हणाल ते पाठीवर वाहिलं. लोकांना वाटतं हमाल पोतं उचलतो. एकटा कुणीच उचलीत नाय ताई. गडी कितीबी दांडगा असू द्या, जोडीदारानं हात लावायचा, पोतं पाठीवर द्यायचं, मग तुम्ही घेऊन पळा. मोंढ्यात दिवसभर एकच हाळी, हात लाव रे, हात लाव. माझा जोडीदार गफूर. त्यानं माझ्या पाठीवर द्यायचं, मी त्याच्या पाठीवर, अशी जिंदगी गेली आमची. तो पान खायचा अन् बडबडायचा, मी काम करायचो अन् गप्प बसायचो.

अन् माझे दात. आता हसू नका, दाताचं सांगणं भाग हाय, पुढं समदा घोटाळा दातापाशीच झालाय. माझे दात म्हणजे मोंढ्यात नावाजलेले. पोळ्याच्या टायमाला पैजा लागायच्या, तवा मी भरलेल्या पोत्याच्या तोंडाला धोतराचा सोगा गुंडाळायचो, तो दातात धरायचो अन् हात मागं बांधून पोतं उचलून उभा राहायचो. व्यापारी गादीवरून उतरून बघायला यायचे. तवापासून माझं नाव दात्या पडलं, खरं नाव रेशनकार्डावरच राहिलं. आजबी माझा एक दात हलत नाय, बघा. तिकडं गफूरचे पानापायी पार गेले, एक उरला नाय, कवळी करून घेतली तर ती टोचती म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवतो अन् हिरड्यांनी चपचप करीत बसतो.

बायको माझी गंगापूरकडली. लई बोलकी, दम्यानं धाप लागायची तरी बोलणं चालूच. भाकरी अशी करायची की पापुद्रा कुरकुर वाजला पाहिजे, म्हणायची, या दातांना मऊ घालीन तर देव इचारीन मला. पोरगा चिकलठाण्याला कंपनीत लागला, त्यानं शहरात, मुकुंदवाडीत घर घेतलं, मग आम्ही दोघं बी लासूर सोडून इकडं आलो. गफूर आधीच आला व्हता लेकाकडं, दोन गल्ल्या सोडून. इथल्या स्टेशनाबाहेर लिंबाखाली ओटा हाय, तिथं आमची म्हाताऱ्यांची बैठक. बरं चाललं व्हतं समदं.

मग ती गेली. दुपारी मेथी निवडत बसली व्हती, सुनेशी कायतरी बोलत व्हती, बोलता बोलता थांबली. सून म्हणती मला वाटलं धाप लागली असंल. अर्धी जुडी निवडलेली, अर्धी तशीच. मी बाहेरून आलो अन् पयल्यांदा ती मेथीच बघितली.

दहावा झाला, तेरावा झाला, मी रडलो नाय. लोक म्हणले, म्हातारा वाघ हाय. मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सगेसोयरे गेले अन् मग हळूहळू काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाय. सकाळी डोळा उघडला की वाटायचं, उघडला कशाला. खाटेवरून पाय खाली टाकायचा म्हणजे पोतं उचलल्यागत, अन् हात लावायला कुणी नाय. सून चहा ठेवून जायची, त्यावर साय धरायची, सून तो घेऊन जायची. भिंतीला तोंड करून पडायचो. त्या भिंतीला ओल येऊन एक फुगा आलाय, तो फुगा मला माझ्या तळहातापेक्षा जास्त पाठ हाय. अंघोळ नाय, दाढी नाय. लुंगीला वास मारायचा, तरी ती सुनेनं धुवायची. बघा, आता सांगतानाबी मान खाली जाती माझी. परक्याची लेक, तिनं सासऱ्याची घाण लुंगी धुवावी अन् सासऱ्यानं भिंतीकडं बघत पडावं. सासरा काय अंथरुणाला खिळलेला नव्हता, हातपाय धड व्हते. तेच तर. पाय मोडला असता तर शरम वाटली नसती.

अन् मग रडू यायला लागलं, ते बी कवा, तर कुकरची शिट्टी झाली की. कशाला? मला काय ठाऊक. शिट्टी झाली की डोळ्यांतून पाणी. मी चादर तोंडावर घ्यायचो. आईनं धरलेला हात आता मीच धरायचो.

कुणी म्हणलं नजर लागली, कुणी म्हणलं खुलदाबादला दर्ग्यावर जाऊन या, कुणी म्हणलं वय झालं. पोटात आग व्हायची, छातीत गच्च व्हायचं, म्हणून पोरानं एका गुरुवारी मोठ्या दवाखान्याच्या गेटावर सोडलं अन् तो ड्युटीला गेला. तिथल्या डॉक्टरनं समदं तपासलं, रगत, छातीची पट्टी, फोटो, अन् म्हणला बाबा, छाती चांगली, पोट चांगलं, झोप लागती का? नाय म्हणलं. भूक? नाय. कुणी गेलं का घरातलं? मी चपलेचा अंगठा बघायला लागलो. त्यानं चिठ्ठी दिली अन् म्हणला, वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत जा, तिथं बोला. मी पोऱ्याला इचारलं ही खोली कशाची, तो म्हणला, डोक्याची.

ताई, तुम्हाला काय सांगू. आमच्या गावाकडं एकाला साखळीनं बांधलेलं बघितलंय मी लहानपणी, लोक खडे मारायचे. मला तेच दिसलं. म्हणलं पळावं. पण पायांत पळायचा बी दम नव्हता. त्या खोलीच्या आधी दातांची खोली, दोन्हींच्या मधी एक लांब बाकडं, दातवाले अन् डोक्याचे त्याच बाकड्यावर. मी बसलो. अन् समोरून कोण येतंय, तर गफूर.

माझा हात आपोआप गालावर गेला. मनात ठरवलं बिरवलं काय नाय, हातच गेला. गफूर थबकला, म्हणला, क्या रे दात्या, तू इदर? मी म्हणलं दाढ ठणकती. तो लई येळ माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणलं, तू कशाला? तो म्हणला, शुगर, शुगर दिखानेकू. अन् गेला निघून, मागं वळून बघितलं नाय. तवा माझं ध्यान आपल्या गालावर, मला एवढं बी सुचलं नाय की शुगरची खोली खाली हाय, हा वर कशाला आलता.

माझं नाव पुकारलं तवा मी गालावर हात धरूनच आत गेलो.

आत एक पोरगी. माझ्या नातीच्या वयाची, चष्मा, पायात बूट. मला वाटलं ही कंपाउंडर, मॅडम येतील. तीच मॅडम. म्हणली, बसा बाबा, दाढ दुखते का? मी हात खाली घेतला. नाय म्हणलं, दाढ नाय दुखत. मग काय दुखतं म्हणली. अन् मला काय ते सांगता येईना. काय सांगू, सगळं दुखतं अन् कायच दुखत नाय. मला वाटलं ही आता कागद लिहून देईल, गोळ्या देईल, सुटलो. पण ती नुस्ती बसली, घाई नाय, घड्याळाकडं बघणं नाय. मोंढ्यात मी लई माणसं बघितली, पण माझ्यासमोर असं रिकाम्या हातानं बसलेलं माणूस पयलं.

मग तिनं सरळच इचारलं, बाबा, जगू नये असं वाटतं का? मला राग आला. म्हणलं पोरी, तोंड सांभाळ, मी पोती वाहिलेला गडी हाय. ती म्हणली, पोती वाहणाऱ्यालाही वाटू शकतं. आवाज न चढवता म्हणली. अन् माझ्या तोंडून निघून गेलं, सकाळी उठूच नये असं वाटतं. एवढं बोललो अन् वाटलं, आता ही घाबरंल, घंटी वाजवंल, मला बांधतील. ती घाबरली नाय. म्हणली, बरं झालं सांगितलंत. मग लई इचारलं, बारीक बारीक. म्हणली, घरच्यांना सांगू का? मी हात जोडले, म्हणलं पोराला कळलं तर मी इथं पाऊल ठेवणार नाय. तिनं कबूल केलं, पण माझ्याकडून बी कबूल करून घेतलं की ते वाटणं जोर करायला लागलं तर सुनेला हाक मारायची, कारण सांगू नका, पण एकटं राहू नका. शेजारच्या मोठ्या डॉक्टरकडून गोळ्या बी दिल्या. म्हणली हा आजार हाय बाबा, शुगरसारखाच, यात तुमची चूक नाय. मला काय ते पटलं नाय तवा. शुगर झाली म्हणून कुणी रडतं व्हय?

घरी आलो तर सून दारातच. मामा, काय म्हणले डॉक्टर? अन् मी म्हणलं, दातात बिघाड हाय, दर गुरुवारी बोलावलंय.

बघा आता. ज्या दातांनी पोती उचलली, ज्यांच्यावर मी जिंदगीभर मिरवलो, ते दात मी एका वाक्यात किडवून टाकले. एक इज्जत राखायला दुसरी विकली. अन् सून बिचारी भोळी, तिनं त्याच दिवशी माझी भाकरी बंद केली. भाताची पेज, मुगाचं खिमट, दुधात कुस्करलेली पोळी, बारक्या लेकराला घालतात तसं. तवा भूकच नव्हती म्हणून काय वाटलं नाय.

गुरुवारी जायला लागलो. पयले काय गुरुवार मी नुस्ता हूं हूं करायचो. मग एकदा मॅडम म्हणल्या, आजींचं नाव काय? आता आमच्यात बायकोचं नाव घेत नाय कुणी. उभ्या जिंदगीत मी तिला अगं ए म्हणलं, नायतर बाळूची आई. मी म्हणलं नाव नाय घेत आम्ही. त्या म्हणल्या, कधीच नाय घेतलं? म्हणलं एकदा, लग्नात, बायांनी दार अडवलं तवा उखाणा घेतला व्हता. मला वाटलं इथं तरी सोडतील. तर म्हणतात कशा, मग तोच घ्या. ताई, मी म्हातारा, दवाखान्याच्या खोलीत, त्या पोरीसमोर, वर पंखा करकरतोय, अन् मी म्हणलं,

लासूरच्या मोंढ्यात पोत्याला घातला सुतळीचा टाका,
कौसल्येचं नाव घेतो, आता तरी वाट सोडा काका.

काका कुणीच नव्हतं तिथं, समद्या बायाच व्हत्या, पण टाक्याला जुळावं म्हणून मी काका घातला व्हता, अन् त्यावरून ती मला मरंपतोर चिडवायची. हे सांगायला गेलो, हसायला गेलो, अन् जे रडू फुटलं, ते काय थांबेना. ढोरासारखा आवाज निघत व्हता माझा. बाहेरच्या बाकड्यावर ऐकू गेलं असंल. मी तोंडावर हात दाबायला गेलो, तर मॅडम म्हणल्या, राहू द्या बाबा, हात खाली राहू द्या. मग पाण्याचा गिलास पुढं सरकवला अन् बसून राहिल्या. बाहेर पडताना मला वाटलं भुईनं पोटात घ्यावं. पण त्या दिवशी जेवताना कुकरची शिट्टी झाली अन् मला काय झालं नाय. मी वाट बघत राहिलो, पण काय झालं नाय.

मग त्यांनी काम सांगायला सुरुवात केली. लई बारकं काम. सकाळी आजींबरोबर काय करायचा? म्हणलं स्टेशनपतोर चालायचो, बाकावर बसायचो, ती येणाऱ्या जाणाऱ्यांना नावं ठेवायची. मग तेवढं करा म्हणल्या, बरं वाटो न वाटो, जाऊन बसा. पयल्या दिवशी मी अर्ध्या वाटेतून परत आलो. शरमेनं सांगितलं, अर्ध्यातून आलो. तर म्हणल्या, म्हणजे अर्धं गेलात की. मला वाटलं ही थट्टा करती. थट्टा नव्हती. दुसऱ्यांदा स्टेशन आलं, पण बसवलं नाय, तिच्या जागेकडं बघवलं नाय. मग कवातरी बसलो. मी म्हणायचो, पोतं उचलता येईना तो हमाल काय कामाचा, मेलेला बरा, तर त्या म्हणायच्या, तुम्ही सांगता त्या गफूरभाईंना तरी कुठं उचलता येतं आता, ते काय कामाचे? मी म्हणलं तसं कसं, गफूर गफूर हाय. त्या नुस्त्या बघायच्या माझ्याकडं. जादू म्हणाल तर काय नाय ताई. गोळीनं जादू केली नाय, बोलण्यानं बी नाय. बुडातून पाणी झिरपत यावं अन् कोरडी हीर कवा ओली झाली ते कळू नये, तसं झालं.

अन् भूक लागली. एक दिवस स्टेशनावर बसलो व्हतो, फुटाणेवाला गेला, तो वास आला अन् तोंडाला पाणी सुटलं. किती दिसांनी. घेतले अन् कडाकड चावले, काय सांगू तुम्हाला, दात अन् दाणा, कानात आवाज घुमला. मग रोजचंच झालं. घरी खिमट गिळायचं अन् स्टेशनावर चोरून फुटाणे खायचे. कुणी ओळखीचं दिसलं की मूठ खिशात अन् हात गालावर. बरा होत चाललो, पण चोर बी होत चाललो.

गफूर मात्र ओट्यावर माझा पिच्छा सोडायचा नाय. गुरुवारी दवाखान्यातून आलो की समद्यांदेखत मोठ्यानं, क्या रे दात्या, आज कित्ते गिरे? मोंढे का शेर, अब्बी पेज पीता! तेरे चार दांत और गिर गये तो मेरे जैसा हो जाएगा, फिर दोनो मिलके एकीच कवळी वापरेंगे! समदे हसायचे. मी दातओठ खायचो मनातल्या मनात. वाटायचं, जोडीदार म्हणवतो अन् चव्हाट्यावर इज्जत काढतो. मॅडमजवळ बी त्याच्या नावानं खडे फोडले मी.

अन् मग त्याचं चिडवणं थांबलं. आधी कमी झालं. मग ओट्यावर यायचा पण हिरड्या चघळत बसायचा. मग यायचाच बंद झाला. लोक म्हणले शुगर वाढली असंल. मी त्याच्या घरी गेलो, तर गफूर खाटेवर, भिंतीला तोंड करून. वहिनी म्हणल्या, खाते नाय, बोलते नाय, पूछो तो बोलते कुच नाय हुआ. मी ती पाठ बघितली अन् मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मला कळलं. त्या पाठीत मी राहून आलो व्हतो.

बाजूला बसलो. कांद्याच्या भावाचं बोललो, लासूरच्या कुण्या मापाड्याचं बोललो. खरा शब्द जिभेवर आला अन् मी तो दातांनी आवळून धरला, पोतं धरायचो तसा. सांगायचं म्हणजे आधी माझं सांगावं लागलं असतं. उठलो, म्हणलं येतो. अन् आलो. त्या दिवशी फुटाण्याला बी हात लावला नाय.

गुरुवारी मॅडमला सांगितलं, मला वाटलं रागावतील, त्या रागावल्या नाय. एवढंच इचारलं, तुम्ही पयल्या दिवशी बाकड्यावर बसला व्हता, तवा कुणी काय म्हणलं असतं तर बरं वाटलं असतं? मी लई इचार केला. म्हणलं, कुणी काय म्हणायची गरज नव्हती. नुस्तं शेजारी कुणी बसायला पाहिजे व्हतं.

तसाच दवाखान्यातून गफूरकडं गेलो. खाटेच्या कडंला बसलो. कायच बोललो नाय. मग तो भिंतीकडं बघतच म्हणला, दात्या, मेरेकू भी ले चल ना, तेरे दांत के डाक्टर के पास.

मी म्हणलं, तुला तर एक बी दात नाय.

तो म्हणला, हौ. तेरे तो सब साबूत हैं.

मी त्याच्याकडं सरकलो. कवापासून ठाऊक हाय तुला, म्हणलं. तो वळला माझ्याकडं. गाल आत गेलेले, डोळे खोल. म्हणला, पैले दिन से. मैं सीढी के पास खडा था. तेरा नाम पुकारे, तू बाजू के कमरे में गया. मी म्हणलं मग समद्यांसमोर ते दाताचं चिडवणं? तर म्हणला, पगले, मैं चिल्ला चिल्लाके दांत बोलता था, तो सब दांतीच समजे ना. कोई दुसरा बोलने से पैले मैं बोल देता था.

ज्याला मी शिव्या दिल्या तो माझ्या अब्रूला पाठ लावून उभा व्हता. मी म्हणलं, पण तू तिथं कशाला आलता, शुगर तर खाली असती. तो म्हणला, मैं भी उसीच कमरे के वास्ते आया था. मेरेकू बी चिठ्ठी दिये थे. तेरेकू देखा, तू गाल पे हाथ रख्या. मैं समज्या, दात्या जैसा आदमी शरमा रा, तो ये शरम कीच बात है. घर आ गया.

ताई, जरा थांबतो.

मी हात खाली ठेवला असता तर तो माझ्या शेजारी बसला असता. एवढीच गोष्ट. माझा हात गालावर गेला अन् तिकडं माझा जोडीदार भिंतीकडं वळला. त्याला काय दुःख व्हतं म्हणाल तर तसं कायच नाय, बायको हाय, लेकरं बघतात. तो म्हणतो, वजह रहती तो वजह से लडता ना मैं. मला तरी कारण व्हतं, माझी कौसल्या गेली व्हती. त्याला तेवढं बी नव्हतं, म्हणून त्याची शरम माझ्यापेक्षा मोठी.

आता खोटं चालणार नव्हतं. बोळका गफूर दर गुरुवारी माझ्याबरोबर दाताच्या डॉक्टरकडं जातो म्हणलं असतं तर ओट्यावरची कुत्री हसली असती. त्या दिवशी जेवायला बसलो, पोरगा बी घरी, सुनेनं खिमट वाढलं. मी ताट सरकवलं अन् म्हणलं, सुरेखा, माझ्या दातांना काय झालेलं नाय. मी डोक्याच्या डॉक्टरकडं जातो, तुझी सासू गेल्यापासून माझं मन चालत नव्हतं, तिथं बोलतो, रडतो बी. मान वर करायची हिंमत झाली नाय. मला वाटलं आता रडारड होईल. तर सून उसळली. म्हणजे मामा, एवढे दिवस मी बारक्या लेकरावानी तुम्हाला पेज पाजतेय, मूग भिजवतेय, मिक्सर जळाला माझा, अन् तुमचे दात धड? मी म्हणलं धड. मग ती म्हणली, तुम्हाला स्टेशनावर फुटाणे खाताना बघितलं असं शेजारची बोलली मला, मी तिच्याशी भांडले, म्हणलं आमच्या मामांना घास चावत नाय! मी मान आणखी खाली घातली. पोराचा हात ताटात तसाच. मग सून उठली, तणतणत आत गेली अन् मला परातीचा आवाज आला. भाकरी थापत व्हती अन् मधीच नाक पुसत व्हती. ती भाकरी तिनं जाळावर कडक केली, माझ्यापुढं आदळली अन् म्हणली, खा आता, आवाज ऐकू येऊ द्या. कौसल्येच्या हाताची ती नव्हती. पण पापुद्रा वाजला. पोराचे डोळे भरले, माझे बी, अन् कुणी चादर घेतली नाय.

आता आम्ही दोघं जातो गुरुवारी, रिक्षानं. गफूर आत गेला की मी बाकड्यावर, मी आत गेलो की तो. तो अजून पुरता सावरलेला नाय, कवा चांगला असतो कवा भिंत धरतो. मी बी काय पैलवान झालो नाय. तिची आठवण आली की छाती भरून येती, पण ते दुःख हाय, त्यात तिचा चेहरा दिसतो. आधी चेहराच दिसत नव्हता, नुस्ता फुगा दिसायचा भिंतीवरचा. हा फरक मला मॅडमनी सांगितला नाय, माझा मला कळला.

शरम गेली का इचाराल तर नाय गेली. परवाच लासूरचा एक ओळखीचा बाकड्यासमोरून चालला अन् माझा हात गेलाच वर. गफूरनं मनगट धरलं अन् खाली दाबून ठेवलं माझ्या मांडीवर, अन् त्याला म्हणतो, क्या देखता, हम दोनो इस कमरे के वास्ते बैठे, तेरेकू बी आने का है क्या? तो माणूस कसनुसा हसला अन् गेला. मी इकडं मान खाली घातली. पण हात खालीच राहिला. शरमेला बी आता मी रिक्षात घेऊन जातो, ती बसती बाजूला, बसू दे.

ज्यानं कुणी हे ऐकलं त्याला माझा एवढाच आशीर्वाद, की त्याच्या बाकड्यावर शेजारी कुणीतरी बसो. अन् माझ्या कौसल्येला जिथं असंल तिथं धाप न लागो, बोलू दे तिला पोटभर.

तो ऐका, खाली गफूर बोंबलतोय, हात लाव रे म्हणून. रिक्षा आली वाटतं, आज गुरुवार. ताई, गुडघे धरलेत माझे, उठायला जरा हात लावा.